ॲडमिट ठेवलेला कॅमेरा

लातूरच्या माणसावर लिहितोय म्हणल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं कोण आलं ते मला माहीत आहे. ट्यूशनवाला सर आला. पांढरा शर्ट, कानाला माईक, समोर तीनशे पोरं. त्याला जाऊ द्या, तो बिझी असतो. बरं, जुने रोलचे कॅमेरे दुरुस्त करणारा माणूस म्हणलं की मग कोण येतं? खांद्याला झोळी, मानेवर केस, बोलता बोलता आभाळाकडं बघणारा कलाकार. तोही नाही. आमच्या वाघमारेकाकांची दर पंधरा दिवसाला कटिंग असते, शर्टाच्या खिशाला दोन पेनं असतात, आणि आभाळाकडं ते फक्त गच्चीवर पापड वाळत घातले असले तर बघतात.

काका फोटो काढताना 'स्माइल' म्हणत नाहीत. ते म्हणतात, "श्वास घ्या. धरून ठेवा. हलू नका." मग खट् होतं. मग म्हणतात, "सोडा."

कारण काकांनी सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढण्यात घालवली. आयुष्यभर शिशाच्या पडद्यामागून हुकूम सोडल्यामुळं त्यांचा आवाज अजूनही भिंतीपलीकडून आल्यासारखा येतो. अर्धा नाकातून, अर्धा पोटातून. मला तो हुबेहूब काढता येतो. हे मी कौतुकानं सांगत नाही, गुन्ह्याची कबुली म्हणून सांगतोय. कळेल पुढं.

मी काकांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहतो. मूळ लातूरजवळच्या मुरुडचा. डॉक्टर व्हायला लातूरला आलो. परीक्षेनं मला दोनदा तपासलं आणि दोन्ही वेळेस डॉक्टरकीचं एकही लक्षण सापडलं नाही. आता क्लासच्या गल्लीत एका झेरॉक्सच्या दुकानात बसतो. नकला करणं हा माझा शाळेपासूनचा रोग. हेडमास्तर, कंडक्टर, भोंग्यावरून भाजी विकणारा, सगळे माझ्या घशात राहतात. काका मला नावानं हाक मारत नाहीत, 'नकल्या' म्हणतात.

एकदा गल्लीतल्या सूर्यवंशी आबांचा फोटो काढायचा होता. वय ऐंशीच्या पुढं. काकांनी आबांना अंगणात स्टुलावर बसवलं, "श्वास घ्या, धरून ठेवा" म्हणाले, आणि तेवढ्यात सूर्य ढगाआड गेला. काका ढग सरकायची वाट बघत उभे. आबा शिस्तीचे, हुकूम म्हणजे हुकूम. हळूहळू ते वांग्याच्या रंगाचे झाले. शेवटी स्वयंपाकघरातून काकू ओरडल्या, "आवं, सोडा म्हणा की त्येन्ला."

काका म्हणाले, "ऊन येऊ दे."

"ऊन यायच्या आधी ते जातील ना."

फोटो मात्र असा आला म्हणता. डोळे टपोरे, छाती भरलेली, मान ताठ. आबांच्या बैठकीत आज तोच लावलाय. पाहुणे विचारतात, आबा पैलवान होते का.

काका रोल विकत आणत नाहीत. खाजगी दवाखान्यांनी मुदत संपलेली एक्स-रेची फिल्म टाकून दिली की हे उचलून आणतात. बाथरूममध्ये लाल दिवा लावून तिच्या पट्ट्या कापतात आणि जुन्या रोलच्या कागदावर चिकटवतात. त्या घरात अंघोळीला जायच्या आधी "दिवा कोणता हाय?" असं विचारावं लागतं. ह्या फिल्मला एक खोड आहे, तिला लाल रंग दिसत नाही. लाल ते सगळं काळं. गल्लीतल्या एका पोरीच्या साखरपुड्याचे फोटो काकांनी हौसेनं काढून दिले. लालभडक साडी, फोटोत काळी कुळकुळीत. कुंकू काळं, ओठ काळे. सासरकडच्या आत्याबाई फोटो घेऊन भांडायला आल्या. "साखरपुड्याला काळी साडी? काय समजून राहिलात आमाला?"

काकांनी निगेटिव्ह काढली, भिंतीवर दवाखान्यातून आणलेली पांढऱ्या उजेडाची पेटी आहे तिच्यावर लावली, पेनाची टोपी निगेटिव्हवर फिरवली आणि म्हणाले, "छाती क्लिअर हाय. मान जराशी डावीकडं. बाकी मुलीत काई दोष न्हाई."

आत्याबाई चहा पिऊन गेल्या.

काकांच्या घरी कॅमेऱ्याला कॅमेरा म्हणत नाहीत, पेशंट म्हणतात. दुरुस्तीला घेतला की तो 'ॲडमिट'. परत दिला की 'डिस्चार्ज'. ज्याचा असेल तो 'नातेवाईक'. प्रत्येक पेशंटचा केसपेपर असतो, जुन्या दवाखान्यातल्यासारखा, पुठ्ठ्याला क्लिप लावून खिळ्याला टांगलेला. त्यावर काका रोज लिहितात. एक गोष्ट ध्यानात ठेवा. तोंडानं काका काहीही बोलतील. केसपेपरवर खोटं लिहिणार नाहीत. "त्या कागदावर माणसाचा जीव असतोय," म्हणतात.

तोंडानं काहीही बोलतील ते मी नांदेडला बघितलंय. तिथल्या जुन्या बाजारात एक चाचा पोत्यावर नळाच्या तोट्या, घड्याळं, रिमोट असलं मांडून बसतात. त्यात काकांना एक घडीचा कॅमेरा दिसला, भात्याचा. त्यांनी माझ्या पायावर पाय दिला. मग निवांत उचलला, कानाला लावला, खटका दाबला.

"देखो साब, एकदम चालू है," चाचा म्हणाले.

"नाडी लागंना."

"अरे, ऐसा कैसा? कल तक तो चल रहा था."

"काल चालू आसंल. आज मयत हाय." आणि माझ्या कानात, "नकल्या, तोंड पाड. मातीला आल्यागत उभा ऱ्हा."

मी कुठलं काम अर्धवट करत नाही. असं तोंड केलं की चाचांना वाटलं माझंच कोणीतरी गेलं. त्यांनी भाव तर पाडलाच, वरून एक भिंग हातात ठेवलं. "ले जाओ साब, बच्चे का मुँह नहीं देखा जाता."

परतीच्या बसमध्ये काका कॅमेरा मांडीवर घेऊन रुमालानं पुसत होते. "ठणठणीत हाय रे. नुसता उपाशी हाय. रोल घातला की बोलंल."

म्हणजे माणूस लबाड आहे, हे माझ्या डोक्यात बसलेलं. म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

दर गुरुवारी उदगीरहून बिराजदार गुरुजी यायचे. चित्रकलेचे मास्तर, रिटायर्ड, उंच, बारीक, धोतराला कुठंतरी वाळलेला रंग. त्यांचा एक जपानी कॅमेरा काकांकडं ॲडमिट होता. दोन डोळ्यांचा, छातीशी धरून वरून खाली वाकून बघायचा असतो तो. किती दिवस ॲडमिट? तीन वर्षं. माणसाची सुद्धा एवढ्या दिवसात एक तर सुट्टी होते नाही तर सुटका.

गुरुजी अकराच्या बसनं उतरायचे. आल्या आल्या विचारायचे, "येनप्पा वाघमारे, पेशंट काय म्हणतंय?" 'येनप्पा' म्हणजे 'काय रे बाबा'. उदगीरकडचे, बोलण्यात कानडी डोकावायचीच.

काका मान हलवायचे. "कालपर्यंत बरा व्हता. आज मंद स्पीडला धापा टाकून राहिला."

पुढच्या गुरुवारी भिंगात बुरशी. त्याच्या पुढच्या गुरुवारी ग्रीस वाळलं. मग दोघं टेबलाला डोकी लावून बसायचे. काका एक स्क्रू काढायचे, गुरुजी वाटीत धरायचे. दुपारी काकू वाढायच्या. चारला चहा. साडेचारला गुरुजी निघायचे, रिकाम्या हातानं. जिन्यापाशी मी भेटलो की हसून म्हणायचे, "जित्तेपणी मिळंल का रे पोरा, माझा कॅमेरा?"

दर गुरुवारी हे ऐकून माझं काळीज तुटायचं. सत्तरीचा माणूस, एसटीचे धक्के खात येतो, आणि आमचा लबाड त्याला बुरशी सांगतो.

आणि एका शनिवारी मी वरून बघितलं. काका अंगणात गुडघ्यावर बसलेले, समोर शेजारची शेळी. "श्वास घे. धर. हलू नको." हातात कॅमेरा दोन डोळ्यांचा. गुरुजींचाच. शटर एकदम खणखणीत वाजलं. संध्याकाळी शेळीची निगेटिव्ह पेटीवर लागली. शेळीच्या मिशा मोजता येत होत्या.

मी काढलेला निष्कर्ष तुम्ही पण काढला असता. काका कॅमेरा हडप करून राहिले.

मग मी धर्मयुद्ध केलं. काकांचा मोबाईल ओट्यावर चार्जिंगला होता, काका बाथरूममध्ये लाल दिव्यात. मी गुरुजींचा नंबर लावला, घसा साफ केला, अर्धा आवाज नाकात, अर्धा पोटात. "गुरुजी, वाघमारे. पेशंट बरा झाला. डिस्चार्ज करून टाकू. येऊन घेऊन जावा."

मग गुरुजी म्हणाले, "बरं."

गुरुवारी गुरुजी आले. पेशंट कसा आहे विचारलं नाही. पिशवी पुढं करून म्हणाले, "वाघमारे, नेतो म्हणलं आता."

काकांनी त्यांच्याकडं बघितलं. मला वाटलं आता बुरशी निघेल, ग्रीस निघेल. काका म्हणाले, "न्या की. कवाचाच बरा हाय." कपाटातून कॅमेरा काढला, फडक्यात गुंडाळला, पिशवीत ठेवला. काकूंनी जेवायला थांबा म्हणलं, तर गुरुजी म्हणाले बाराची बस हाय. मी जिन्यात छाती काढून उभा. वाटलं गुरुजी डोक्यावर हात ठेवतील. गुरुजी माझ्याकडं न बघता गेले.

पुढच्या गुरुवारी अकरा वाजायच्या आत काकांनी दाढी केली, शर्ट बदलला आणि टेबलापाशी जाऊन बसले. दुसरा कुठलाच पेशंट उघडला नाही. दीड वाजता काकू म्हणाल्या, "जेवता का?" काका म्हणाले, "वाढ." त्याच्या पुढच्या गुरुवारी तसंच. तिसऱ्याला त्यांनी दाढी केली नाही.

मी विचारलं, "काका, बरं वाटंना का?"

"मला काय झालंय. तू तुजं झेरॉक्स बघ."

पाचव्या गुरुवारी त्यांनी मला नांदेडच्या कॅमेऱ्याचा केसपेपर आणायला सांगितलं. खिळ्यावर त्याच्या मागं गुरुजींचा पुठ्ठा होता. मी उभ्या उभ्या वाचला. सुरुवातीला सरळ होतं. 'मंद स्पीड अडकतात. भिंगास बुरशी. साफ केले.' दहाव्या दिवशी लिहिलेलं, 'पेशंट ठणठणीत.' म्हणजे तीन वर्षांपूर्वी. त्याखाली पानंच्या पानं भरलेली.

'नातेवाईक भेटून गेले. रंग फिका. पाणी फक्त घेतले. पेशंट ठेवून घेतला.'

'नातेवाईक भेटून गेले. अर्धी भाकर. पेशंट ठेवून घेतला.'

'नातेवाईक भेटून गेले. एक भाकर. शर्ट धुतलेला.'

'नातेवाईक आज हसले. कारण समजले नाही.'

आणि सगळ्यात शेवटी, गुरुजींनी कॅमेरा नेला त्या तारखेला, 'नातेवाईकांनी स्वतःच्या जबाबदारीवर नेले.'

हे वाक्य दवाखान्यात कधी लिहितात ते मला माहीत आहे. डॉक्टर नको म्हणत असताना पेशंटला उचलून नेलं की लिहितात.

मी पुठ्ठा घेऊन काकूंकडं गेलो. काकू त्याच दवाखान्यात सिस्टर होत्या, त्यांना फार समजावून सांगावं लागत नाही. म्हणाल्या, "गुरुजीची मंडळी गेली तवा ते कॅमेरा घेऊन आले. ठेवून घे म्हणाले, वाघमारे, मला आता कुणाचा फोटो काढायचाय. यांनी घेतला न्हाई. ॲडमिट केला. म्हणले, गुरुवारी बघायला यावं लागंल, नातेवाईकाशिवाय आमी पेशंट ठेवत न्हाई."

मी खाली बसलो. काकू म्हणाल्या, "काय झालं तुला?" माझ्या घशात एवढे आवाज आहेत, त्यातला एकही निघेना.

सहावा गुरुवारही तसाच गेला. शुक्रवारी सकाळी मी दुकानाला दांडी मारून उदगीरची बस धरली.

गुरुजींचं दार उघडंच होतं. गुरुजी बनियनवर खाटेवर बसलेले, दाढी वाढलेली. कॅमेरा कपाटावर, फडक्यातच, गाठ सुद्धा सोडलेली नाही. मी सगळं सांगितलं. फोन मी केला होता, आवाज माझा होता, पाया पडतो.

गुरुजी म्हणाले, "आवाज तुझा व्हता ते मला पहिल्या शब्दालाच कळालं."

"मग?"

"वाघमारेनं आयुष्यात मला 'घेऊन जावा' म्हणलं न्हाई. मला वाटलं, त्याला माझा कटाळा आला. तोंडावर बोलवंना, म्हणून पोराकडून बोलवून घेतलं." मग म्हणाले, "कॅमेरा बरा झालाय ते काय मला म्हाईत नव्हतं का? पहिल्या पावसाळ्यातच कळालं. माझ्यादेखत बरा स्क्रू ढिला करायचा, आन् ढिला केलेलाच पुन्हा बसवायचा. चित्रकलेचा मास्तर हाय मी, हात बघायची सवय हाय."

"चला मग लातूरला."

गुरुजी उठले. धोतर सारखं केलं, दाढी करून आले, आणि कपाटावरून कॅमेरा काढून बसले. "आसंच कसं जायचं? बरा पेशंट घेऊन कोणी दवाखान्यात जात असतंय का?" पेन्सिलीला टोक करायचा चाकू घेतला आणि एक स्क्रू फिरवला. नीट ढिला होईना म्हणून दुसरा फिरवला. मग समोरच्या भिंगाचं कडं धरून पिळलं. आतून टिंग असा आवाज आला.

"झालं वाटतं," गुरुजी म्हणाले.

झालं ते असं झालं की नळेगावच्या पुढं बस खड्ड्यात आदळली आणि पिशवीतून एक भिंग, दोन कडी आणि एक केसासारखी स्प्रिंग बाहेर आली. स्प्रिंग सीटखाली गेली. गुरुजींनी मोठ्यानं सांगितलं की स्प्रिंग हरवली, ती सापडल्याशिवाय पाय खाली टेकवायचे नाहीत, आणि वर्गात बसल्यागत अख्ख्या बसनं पाय वर घेतले. मोबाईलच्या बॅटऱ्या लागल्या. कंडक्टर रांगायला लागला. शेवटी स्प्रिंग एका बाईच्या मेथीच्या पेंडीत सापडली. तिनं गुरुजींना मेथी पण दिली.

लातूरला पोचलो तर काका ओट्यावर बसलेले दिसले. गुरुजींना बघून उभे राहिले. मग बाजूला सरकले. गुरुजींनी टेबलावर पिशवी उपडी केली.

काकांनी भिंग उजेडात धरलं. कडं बोटानं फिरवून बघितलं. ह्या वेळेस पेशंट खरोखर मोडलेला होता. "हे कुणी केलं?"

गुरुजींनी सगळी नोकरी पोरांना खरं बोला म्हणून सांगण्यात घालवलेली. त्यांनी शांतपणे माझ्याकडं बोट केलं.

मी म्हणलं, जाऊ द्या, एका फाशीला दोन गुन्हे. "काका, मीच केलं. आन् त्या दिवशी गुरुजीला फोन पण मीच केला. तुमच्या आवाजात."

काकांनी चष्मा काढला. आता आवाजाच्या नकलेवरून शिव्या निघणार, मी तयारीत.

"किती गुरुवार झाले?"

"सहा," गुरुजी म्हणाले.

"तुम्ही गप बसा. याला विचारून राहिलो."

"सहा," मी म्हणलं.

"सहा गुरुवार हा माणूस घरात एकटा बसला. काय खाल्लं त्येनं? म्हाईत हाय तुला? बघ त्येंचं तोंड. गालफाडं बघ. मानेचं हाड मला हितून दिसून राहिलं, मशीन लागंना बघायला. तीन वर्षं लागली रे मला त्येवढं मांस चढवायला. एका फोनमधी उतरवलंस. आन् सहा आठवडे माझ्या डोक्यावरच्या खोलीत गाणी लावून बसला व्हतास. तोंड न्हाई तुला? जगाच्या तोंडानं बोलतोस, तुझं स्वतःचं कुठं ठेवलंस?"

मी खाली बघून उभा. काकू दारात आल्या, तरी थांबले नाहीत. माझ्या आईबापाला घेतलं, झेरॉक्सच्या मालकाला घेतलं, मुरुडच्या शाळेला घेतलं.

"जाऊ दे रे वाघमारे," गुरुजी मधी बोलले. "पोरगं हाय. चुकलं."

"तुम्ही बोलूच नका," काका म्हणाले. त्यांनी ते पिळलेलं कडं गुरुजींच्या नाकापुढं धरलं. "हा आटा उलटा फिरवायची ह्याच्या बापाची अक्कल न्हाई. बसा गुमान खुर्चीवर. ह्याचं झालं की तुमच्याकडंच येतो."